उत्तराची जागा

द्राक्ष बागायतदारांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोव्हेंबरातल्या एका सकाळी पानाचा फोटो आला. पानाच्या वरच्या अंगाला राख भुरभुरावी तशी भुकटी, आणि खाली प्रश्न, ‘काय मारू?’ चार-पाच मिनिटांत दुसऱ्या गावातून दुसरा फोटो आला. हे पान उलटं धरलेलं, मागच्या बाजूला पांढरी लव, आणि शेजारच्या पानावर तेल सांडल्यासारखा पिवळा डाग. प्रश्न तोच, ‘काय मारू?’ त्याच्या लगेच खाली एका जाणत्या बागायतदाराचं उत्तर उमटलं, ‘गंधक, लिटरला दोन ग्रॅम.’ पहिलं पान भुरीचं होतं, दुसरं डाऊनीचं, म्हणजे केवड्याचं. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर त्याचा काही उपयोग नाही. उत्तर पहिल्या फोटोसाठीच लिहिलेलं होतं. पण लिहिणारा स्वतःच्या बागेत उभा होता, तिथे रेंज धड नव्हती, मेसेजच्या कोपऱ्यात घड्याळाची खूण बराच वेळ तशीच राहिली, आणि तो सुटेपर्यंत मधे दुसरं पान येऊन बसलं. पाऊण तासाने कुणीतरी लिहिलं, ‘अहो, ते वरच्यासाठी आहे.’ तोवर दुसऱ्या गावात फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत गंधक पडलेलं होतं.

उत्तर बरोबर होतं. बसलं दुसऱ्याच्या पानाखाली.

ही गोष्ट मनातून जात नाही, कारण यात कुणावर बोट ठेवावं ते कळत नाही. विचारणाऱ्यांनी फोटो स्वच्छ काढले होते. सांगणाऱ्याला रोग ओळखता आला होता, प्रमाणही बरोबर होतं. त्याच्या स्वतःच्या फोनवर त्याचं उत्तर पहिल्या फोटोखालीच दिसत होतं, कारण फोन आपला मेसेज लिहिला तिथेच दाखवतो. बाकीच्यांच्या फोनवर मात्र तो पोचला त्या वेळेच्या जागी दिसतो. म्हणजे एकाच ग्रुपवर एकच बोलणं दोन वेगळ्या क्रमांनी वाचलं जात होतं, आणि दोन्हीकडच्यांना आपलाच क्रम खरा वाटत होता. फुलोऱ्याच्या तोंडावर ढगाळ हवेत केवड्याला एक फुकट दिवस मिळाला, तर घड हातचे जातात. तो दिवस त्या माणसाने माहितीच्या अभावी गमावला नाही. बोलण्याची मांडणीच अशी होती, की बरोबर माहिती चुकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

अनेकांचं लेखी बोलणं मांडायच्या पद्धती मुळात दोन. एक रांगेची. जो आधी आला तो वर, मागून आलेला खाली. दुसरी फांद्यांची. ज्याला उत्तर द्यायचं त्याच्या पोटाशी आपलं उत्तर, त्यावरचं उत्तर त्याच्या पोटाशी. रांग घड्याळावर विश्वास ठेवते, फांदी नात्यावर. घड्याळ हा भरवशाचा साक्षीदार वाटतो, पण एकमेकांपासून लांब असलेल्या यंत्रांच्या बाबतीत तो भरवसा खरा नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या एका निबंधात दाखवून दिलं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, निरोपाला वाटेत किती वेळ लागेल ते ठरलेलं नसतं. म्हणून तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द खात्रीने वापरता येतात ते एका घटनेचा धागा दुसरीपर्यंत पोचतो तेव्हाच. निरोप निघाल्याशिवाय पोचत नाही, प्रश्न वाचल्याशिवाय त्याचं उत्तर लिहिलं जात नाही. एवढंच पक्कं. ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही, त्यांच्यात आधी कोण हा प्रश्नच निरर्थक. त्या सकाळी भुरीचा फोटो आणि गंधकाचं उत्तर यांच्यात पक्कं नातं होतं. केवड्याचा फोटो आणि ते उत्तर यांच्यात कसलंच नव्हतं. रांगेने नातं पुसलं आणि शेजार दाखवला. वाचणाऱ्याने शेजारालाच नातं मानलं, आणि कुणीही तेच केलं असतं.

ई-मेल घडवणाऱ्यांना हे फार लवकर उमगलं होतं. १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकात प्रत्येक पत्राच्या माथ्यावर तीन ओळींची सोय केलेली आहे. मेसेज-आयडी, म्हणजे त्या पत्राची जगात एकमेव असलेली ओळख. इन-रिप्लाय-टू, म्हणजे हे कुठल्या पत्राचं उत्तर. आणि रेफरन्सेस, म्हणजे मागच्या पत्रांच्या ओळखी. युजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्याच्या १९८७ च्या नियमांत तर प्रत्येक उत्तरावर रेफरन्सेसची ओळ सक्तीची झाली. एका मुलाने स्वतःच्या नावापुढे बाप, आजा, पणजा लिहावा तशी ती ओळ असते. या ओळींवरून झाड कसं उभं करायचं याची रीत नेटस्केपच्या मेलसाठी जेमी झाविन्स्की यांनी बसवली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. समजा एखाद्या उत्तराने उल्लेखलेलं पत्र आपल्यापर्यंत पोचलंच नाही, वाटेत हरवलं किंवा कुणी पुसलं. तर ती रीत त्याच्या नावाची एक रिकामी पेटी करून ठेवते आणि उत्तरांना तिच्याखाली बसवते. उद्या ते पत्र आलंच, तर त्याची जागा तयार असते. घरातलं माणूस परगावी असताना त्याचं ताट मांडून ठेवावं, तसं. ज्या व्यवस्थांत ही रिकामी जागा ठेवत नाहीत, तिथे एक पत्र गेलं की त्याखालची पाच उत्तरं अनाथ होतात आणि वरच्या पातळीवर येऊन, कुणाशी बोलतायत ते कळू न देता, बोलत राहतात.

कचेऱ्यांत या ओळींची गंमत रोज बिघडते. पत्ते पुन्हा टाकायचा कंटाळा म्हणून लोक तीन महिन्यांपूर्वीचं मेल उघडतात, ‘रिप्लाय ऑल’ दाबतात, विषय बदलतात आणि नवंच काही लिहितात. माथ्यावरच्या ओळी बदलत नाहीत. नातं पाहून झाड लावणाऱ्या मेलपेटीत ते नवं पत्र जुन्या चर्चेच्या पोटात जाऊन दडतं आणि कुणाला दिसत नाही. जीमेलमध्ये उलटं होतं. तिथे विषयाची ओळ बदलली की संभाषण तुटतं, त्यामुळे चालू पत्राच्या विषयात नुसतं ‘तातडीचे’ घातलं तरी मागचा सगळा संदर्भ दुसरीकडे राहतो. शंभर पत्रं झाली तरी तुटतं. म्हणून नव्या विषयाला नवं पत्र आणि जुन्या विषयाला जुनीच ओळ, इतकं पाळलं तरी निम्मा गोंधळ टळतो.

फांद्या यंत्रात कशा साठवतात हे सातबारा पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. गट नंबर ४५. त्याचे हिस्से ४५/१, ४५/२. दुसऱ्या हिश्शाची वाटणी झाली की ४५/२/१, ४५/२/२. नंबर वाचूनच कळतं की ही पट्टी कुणाच्या वाट्यातून निघाली. संस्थळं चालवायच्या ड्रुपल या प्रणालीत प्रतिसादांना असेच पत्ते मिळतात. पहिल्या प्रतिसादाला ०१, त्याच्या पहिल्या उपप्रतिसादाला ०१.००, त्याच्याही उत्तराला ०१.००.००. हे पत्ते नुसते अनुक्रमाने लावले की अख्खं झाड आपोआप उभं राहतं. आणि जमिनीचं जे होतं तेच इथेही होतं. वाटण्या होत जातात तशी पट्टी अरुंद होत जाते.

हा अरुंदपणा मोजून पाहण्यासारखा आहे. साधारण फोनच्या पडद्याची रुंदी ३६० पिक्सेल धरा. दर पायरीला उत्तर २४ पिक्सेल आत सरकवलं, तर दहाव्या पायरीला २४० गेले, उरले १२०. वाचायला बऱ्या आकाराचं अक्षर ठेवलं तर त्यात एका ओळीला दोन शब्द मावतात, आणि मराठीत तर विभक्ती, शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, ‘व्यवस्थापनाबद्दलसुद्धा’ हा एकच शब्द ओळ ओलांडतो. मजकूर विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली लोंबत जातो. इलाज सोपा आहे. पायरी ८ पिक्सेलची ठेवायची आणि नातं दाखवायला डाव्या कडेला बारीक उभ्या रेघा द्यायच्या. दहा पायऱ्यांत ८०च जातात, २८० उरतात. याहून चांगलं म्हणजे तीन-चार पायऱ्यांनंतर आत सरकणं थांबवायचं आणि पुढची उत्तरं त्याच पातळीवर, ‘अमुक यांस’ असा उल्लेख करून, रांगेने लावायची. विकिपीडियाच्या चर्चापानांवर माणसं हे हातानेच करत आली आहेत. दर पायरीला ओळीच्या सुरुवातीला एक अपूर्णविराम (:) वाढवायचा, शेवटी चार नागमोडी रेघा टाकून सही करायची, आणि मजकूर उजव्या भिंतीला टेकला की कुणीतरी शहाणा खूण करून पुन्हा डाव्या समासाशी येतो. मराठी विकिपीडियावर अशा सार्वजनिक चर्चेच्या पानाचं नाव चावडी आहे.

मराठी संस्थळांवर वावरलेल्यांना या दोन्ही पद्धती अंगवळणी पडलेल्या आहेत. मायबोली १९९६ पासूनची, तिथल्या धाग्यांवर प्रतिसाद एकाखाली एक, रांगेने. मिसळपाव २००७ चं, तिथे काथ्याकुटाला फांद्या फुटतात. मिसळपाववर रात्री उशिरा एखादा पेटलेला धागा उघडला की उपप्रतिसाद उजवीकडे सरकत सरकत इतके बारीक होतात, की दोन माणसं अंगणातल्या बैठकीतून उठून परसदारी जाऊन भांडतायत असं वाटतं. बैठक पुढे चालू राहते. ज्यांना ते भांडण ऐकायचं नाही ते नजर खाली नेऊन पुढचा मुख्य प्रतिसाद वाचतात. हा फांद्यांचा मोठा गुण आहे. रांगेत मात्र तेच दोघं सगळ्यांच्या पानात येऊन बसतात, आणि मधे कुणी चांगलं लिहिलं तर ते दोन आरोपांच्या मधे चेंगरतं. ‘अवांतर’ हा शब्द मराठी संस्थळांनी फार प्रेमाने वाढवला, कारण रांगेत आडवळण घेतलं तर आधी परवानगी मागावी लागते. फांदीत ते नुसतं घेता येतं.

पण फांद्यांची एक उणीव मला रांगेच्या सगळ्या गोंधळापेक्षा जास्त खुपते. पुन्हा आलेल्या माणसाला नवं काय ते सापडत नाही. रांगेत आपण सोडलं तिथून पुढे वाचायचं, संपलं. झाडावर नवी पालवी कुठेही फुटलेली असते, बुंध्याशी, मधे, शेंड्याला. म्हणून ‘नवीन’ अशी खूण आणि त्या खुणेवरून पुढच्या खुणेवर उडी मारायची सोय नसेल तर फांद्यांची मांडणी करूच नये, असं मी म्हणेन. दुसरी उणीव मुळातली. झाडावर प्रत्येक फांदीला बुंधा एकच. पण सभेत शहाणा माणूस तिघांचं ऐकून तिघांना मिळून एक उत्तर देतो. ते कुणाच्या पोटाशी लावायचं? तो शेवटी एकाखाली लावतो, बाकी दोघांना कळतही नाही. एकमत व्हायचा क्षण नेमका असाच असतो, आणि झाडाला तो मांडता येत नाही. तिसरी अडचण पुसण्याची. ड्रुपलमध्ये मूळ प्रतिसाद उडवला की त्याखालचे उपप्रतिसादही जातात. एकाच्या अपशब्दापायी दहा जणांचं नीट लिहिलेलं नाहीसं होतं. मजकूर पुसावा, जागा ठेवावी. वर सांगितलेल्या रिकाम्या पेटीचंच हे रूप.

वाचकांनी प्रतिसादांना दिलेल्या मतांवरून क्रम लावायचा झाला की आणखी एक पेच येतो. झाडात भावंडांतलं कोण वर, हे कशाने ठरवायचं? वेळेने लावलं तर पहिल्या तासात आलेले वर बसतात, सगळे त्यांनाच वाचतात, त्यांनाच मतं देतात, आणि दुपारी आलेलं उत्तम उत्तर तळाशी राहतं. नुसत्या टक्केवारीने लावलं तर एकच मत मिळालेला आणि तेही बाजूचं, म्हणजे शंभर टक्के, तो शंभरातली नव्वद मतं मिळवणाऱ्याच्या वर जातो. रेडिट या चर्चास्थळाने २००९ मध्ये यावर एडविन विल्सन यांचं १९२७ सालचं संख्याशास्त्रातलं सूत्र लावलं. इतक्या मतांवरून खरी पसंती किमान किती असेल, याचा तो अंदाज. ९५ टक्के खात्रीच्या हिशोबाने एकाला एक मत असेल तर किमान पसंती सुमारे २१ टक्के निघते, शंभरात नव्वद असतील तर सुमारे ८३. दुसरा वर बसतो, आणि रास्तपणे बसतो. पण क्रम असा सतत हलू लागला की ‘वर म्हटल्याप्रमाणे’ लिहिणाऱ्याची पंचाईत होते. कालचा ‘वर’ आज खाली गेलेला असतो. लेखी बोलण्यात ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द टाळावेत, नाव आणि मुद्दा लिहावा.

आपल्याकडे गुंफलेलं बोलणं नवं नाही, आणि ते मांडायला आत सरकावं लागलं नाही. गीता घ्या. कृष्ण अर्जुनाशी बोलतो. ते संजय धृतराष्ट्राला सांगतो. तो सगळा वृत्तान्त वैशंपायन जनमेजयाला सांगतो, आणि जनमेजयाच्या सत्रात ऐकलेलं ते सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना. चार पायऱ्या खोल. पोथीत मात्र समास कुठे बदलत नाही, ओळी सरळ एकाखाली एक. सगळा भार एका शब्दावर, ‘उवाच’. संजय उवाच, अर्जुन उवाच, श्रीभगवानुवाच. कोण बोललं हे दर वळणावर सांगितलं की मांडणी रांगेची राहूनही ऐकणारा चुकत नाही. सरकारी फाइलही याच वाटेने चालते. टिप्पणीचा भाग रांगेने वाढतो, परिच्छेदांना क्रमांक असतात, पत्रव्यवहार वेगळा लावलेला असतो, आणि टिप्पणीत ‘पताका अ पहावी’ असं लिहून त्या कागदाला खरोखर चिठ्ठी चिकटवतात. रांग मोडायची नाही, पण नातं लिहून ठेवायचं.

मला हाच मार्ग पटतो, आणि तो का पटतो याचं थोडं दुःखही आहे. कोण कुणाला उत्तर देतंय, ही नोंद कधीही टाकून देऊ नये. ती असली की तीच चर्चा ज्याला हवी त्याला रांगेने दाखवता येते, ज्याला हवी त्याला फांद्यांनी. एकदा टाकली की नंतर कुठल्याही हुशारीने परत मिळत नाही. जिथे शंभर अनोळखी लोक शंभर वेगळ्या शंका विचारतात तिथे फांद्या बऱ्या. जिथे पंधरा-वीस जणांनी मिळून एक काही ठरवायचं आहे, पाण्याची पाळी, शाळेचं गॅदरिंग, इमारतीची दुरुस्ती, तिथे रांग बरी, कारण तिथे सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकणं हेच काम असतं. फांद्यांत प्रत्येक जण आपल्या डहाळीवर बरोबर असतो. पारावरच्या बैठकीत एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर सांडतं, त्यातून कधी भलताच चांगला विचार निघतो. मायबोलीवर गप्पांची वाहती पानं असत, म्हणजे नवं येईल तसं जुनं खालून वाहून जाणारी. त्यांना कसलंच झाड नव्हतं, काही जपलं जात नव्हतं, आणि तरी माणसं वर्षानुवर्षं तिथे रोज चहाच्या वेळेला येऊन बसत.

कचेऱ्यांतल्या गटांच्या बोलण्यासाठी असलेल्या स्लॅकने २०१७ मध्ये मधला रस्ता काढला. फांदी एकच पायरी खोल, आणि उत्तर सगळ्यांच्या कामाचं असेल तर एका चौकोनात टिचकी मारून ते मुख्य रांगेतही पाठवायचं. तशाच झुलिप या दुसऱ्या अ‍ॅपने आणखी पुढे जाऊन प्रत्येक मेसेजला विषय लावायची शिस्त घातली, आणि चुकलेला मेसेज मागाहून योग्य विषयात हलवायची सोय दिली. ही हलवायची सोय मला फार मोलाची वाटते. माणूस चुकीच्या दारात उभा राहणारच. त्याला हाताला धरून योग्य दारात नेता आलं पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते होत नाही. ग्रुप १,०२४ जणांचा होऊ शकतो, रांग एकच, आणि नातं दाखवायला एकच साधन, मेसेज उजवीकडे सरकवून दिलेलं उत्तर. तेही ऐच्छिक. द्राक्षाच्या त्या ग्रुपवर आठवड्याभरात नियम ठरले. फोटोबरोबर गाव आणि छाटणीनंतरचा दिवस लिहायचा, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाकायचे. उत्तर मेसेज सरकवूनच द्यायचं. आणि उत्तरात रोगाचं नाव लिहायचं, नुसतं औषध आणि प्रमाण नाही. यातला शेवटचा नियम सगळ्यात कामाचा, कारण तो यंत्रावर अवलंबून नाही. ‘भुरीसाठी गंधक, लिटरला दोन ग्रॅम’ हे वाक्य रांगेत कुठेही जाऊन पडलं, कुणी उचलून दुसऱ्या ग्रुपवर टाकलं, तरी आपला प्रश्न पोटात घेऊन फिरतं.

परवा सकाळी पुन्हा एक पान आलं. उलटं धरलेलं, मागे पांढरी लव, सोबत ‘३८ वा दिवस’ आणि गावाचं नाव. मधे तिघांनी सुप्रभात घातलं, कुणी बेदाण्याचे भाव टाकले. वीस मिनिटांनी, या सगळ्याच्या खाली, त्याच जाणत्या बागायतदाराचं उत्तर आलं. पहिला शब्द ‘डाऊनी’. त्याच्या वर राखाडी पट्टी, आणि पट्टीच्या कोपऱ्यात नखाएवढं तेच पान.